जुन्या बारा तारांचें मोल

सन २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क शहरीं एका जुन्या गिटारीचा लिलाव झाला. जर्मनींतील फ्रामुस या कारखान्यांत तयार झालेली ही बारा तारांची गिटार एके काळीं बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदांतील जॉन लेनन याच्या हातीं होती. १९६५ सालच्या 'हेल्प' या ध्वनिमुद्रिकेंत तिचा स्वर ऐकूं येतो. पुढें ती दुसऱ्या एका गायकाकडे गेली, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, आणि मग सुमारें पन्नास वर्षें इंग्लंडमधील एका घराच्या माळ्यावर पडून राहिली. लिलावांत तिला २८,५७,५०० डॉलर आले, म्हणजे त्या वेळच्या दरानें तेवीस कोटी रुपयांहून अधिक. ही वार्ता वाचून आपल्याकडेहि कांहीं घरांतील माळे धुंडाळले गेले असल्यास नवल नाहीं.

एवढी किंमत लांकडाला आणि तारांना मिळत नसते, हें कोणीहि सांगेल. ती नांवाची किंमत. मग ज्या वाद्याला असें नांव चिकटलेलें नाहीं, जें कोणा अनामिकानें तीस-चाळीस वर्षें लग्नकार्यांत आणि घरच्या ओसरीवर वाजविलें, त्याचें मोल कशावरून ठरवावें? भिवंडीच्या आमच्या टेमघरांत हा प्रश्न नुकताच एका घरापुढें उभा राहिला. त्याचें उत्तर द्यावयाचें तर या वाद्याचा पूर्वेतिहास थोडा पाहावा लागतो; म्हणून प्रथम तोच सांगतों.

तारा जोडीजोडीनें लावण्याची चाल युरोपांत फार जुनी आहे. तेथील ल्यूट नांवाच्या वाद्याला जोड्या असत, आणि सतराव्या शतकांतील गिटारीलाहि पांच जोड्या असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस या जोड्या गेल्या आणि सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली. आज आपण सर्वत्र पाहतों ती हीच. पोर्तुगालांत मात्र गितार्रा नांवाचें, नासपतीच्या आकाराचें एक वाद्य जोड्या धरून राहिलें. त्याला सहा जोड्या, म्हणजे बारा पोलादी तारा असतात आणि त्या पिळण्याची योजना माथ्यावर पंख्यासारखी पसरलेली असते. लिस्बनचें फादो गायन बहुधा याच वाद्याच्या साथीनें होतें.

आपण जिला बारा तारांची गिटार म्हणतों ती या गितार्राची मुलगी नव्हे. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं आणि विसाव्याच्या आरंभीं अमेरिकेंत पुढें आली. जर्सी सिटी येथील ऑस्कर श्मिट यांच्या कारखान्यांतून 'स्टेला' या नांवानें ज्या गिटारी निघत, त्या हलक्या बांधणीच्या आणि स्वस्त असत. रस्त्यावर गाणाऱ्याला गर्दींत आपला आवाज पोंचविणें भाग असे, आणि बारा तारांचा आवाज सहा तारांहून भरदार, म्हणून गरीब नीग्रो गायकांनीं हें वाद्य उचललें. अटलांटाचा अंध गायक विली मॅक्टेल तें वाजवी. लेड बेली या नांवानें प्रसिद्ध असलेला हडी लेडबेटर हा तर बारा तारांचा राजाच म्हणवीत असे. १९३३ सालीं तो लुइझियानांतील तुरुंगांत असतांना लोमॅक्स पितापुत्रांनीं लोकगीतांच्या शोधांत तेथें जाऊन त्याचें गाणें मुद्रित केलें. १९४९ सालीं तो वारला. त्याच्या हातांतील गिटार स्टेलाच होती. ज्या वाद्याकडे त्या काळीं प्रतिष्ठित दुकानदार ढुंकून पाहत नसे, त्याच स्टेला आज संग्राहक शोधीत फिरतात. त्यांतल्या पुष्कळ ताणानें मोडून गेल्या, हेंहि त्या दुर्मिळ होण्याचें एक कारण आहे.

या तारांची रचना सांगण्याजोगी आहे. सर्वांत पातळ अशा दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराला लावतात. उरलेल्या चार जोड्यांत एक तार जाड आणि तिची सोबतीण वरच्या सप्तकांतली, पातळ. एकाच आघातानें खर्ज आणि त्याचें वरचें सप्तक बरोबर निघतात. शिवाय दोन तारा कितीहि कसोशीनें मिळविल्या तरी त्यांच्यांत केसभर अंतर राहतें. त्यामुळें स्वर स्थिर न राहतां पाण्यावरच्या उन्हासारखा किंचित् लहरत राहतो. आपल्या कानाला ही गोष्ट परकी नाहीं. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण जोडीच्याच तारा म्हणतों. सतार, सारंगी, दिलरुबा यांच्या तरफा बोट न लावतां गुणगुणत राहतात. तंत्र निराळें खरें, पण मुख्य स्वराभोंवतीं दुसऱ्या स्वराचें वलय असावें ही आवड तीच. बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन याला १९६४ सालीं बारा तारांची विजेची गिटार मिळाली, आणि १९६६ च्या सप्टेंबरांत तोच हॅरिसन पंडित रविशंकरांपाशीं सतार शिकण्यासाठीं मुंबईस येऊन राहिला. कान एकदां झणकाराला लागला कीं तो त्याचा माग काढीत दूरवर जातो.

आतां हें वाद्य आपल्या मुलखांत कसें रुजलें तें पाहूं. गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. चर्चच्या आश्रयानें गांवोगांव ज्या शाळा चालत त्यांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळें झालें असें कीं, कागदावरचें पाश्चात्त्य संगीत पाहतांक्षणींच वाजवूं शकणारा वर्ग या देशांत प्रथम गोव्यांत तयार झाला. आणि पोटासाठीं तो मुंबईस आला. धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गांववार खोल्या असत; त्यांना कूड म्हणत. जेर महालाच्या इमारतींत असे कितीतरी कूड होते. एका मोठ्या खोलींत भिंतीशीं पेट्या ओळीनें मांडलेल्या, कोपऱ्यांत देवघर, आणि खलाशी, आचारी व वादक एकाच छपराखालीं. त्याच भागांत फुर्टाडो यांची वाद्यांची पेढी. तिचा आरंभ १८६५ सालचा. हॉटेलांतील नृत्याचे वृंद, मूकपटांच्या काळांत चित्रगृहांतील वादन, पुढें बोलपटांचे स्टुडिओ, अशी या वादकांची वाट गेली. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले अंतोनियो वाझ, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा हीं नांवें चित्रपटसंगीताच्या जाणत्यांस ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या मागें शेंकडों असे होते कीं ज्यांचीं नांवें तबकडीवर कधीं छापलींच नाहींत.

गिटार ही या मंडळींबरोबर घराघरांत शिरली. मराठी आणि बंगाली घरांतून प्रथम मान मिळाला तो आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांब फिरवून वाजविण्याच्या हवाईयन गिटारीला. तिच्यांत मींड निघते, हें त्याचें कारण. ब्रिजभूषण काब्रा यांनीं तर तिच्यावर राग वाजवून दाखविले, आणि १९६७ सालीं शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनें गिटारीला मैफलींत बसविलें. उभी धरून वाजवावयाची गिटार मात्र चित्रपटामुळें घरोघर गेली. 'दम मारो दम' आणि 'चुरा लिया' या गाण्यांतील गिटार वाजविणारे भूपिंदर सिंग हे स्वतः गायक. २०२२ सालीं ते वारले.

परदेशी वाद्य विकत घेणें त्या काळीं सोपें नव्हतें. आयातीला परवाने लागत आणि जकात जबर असे. तेव्हां चांगली गिटार मुंबईस येई ती बहुधा आगबोटीवर काम करणाऱ्या कोणाच्या सामानांतून. आणि एकदां आली कीं मग ती हातांतून हातांत जाई. एक वादक दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला देई. त्या व्यवहारांत पावती नसे. वाजवून दाखविणें हीच पावती. जें कोणाच्याच हातांत टिकलें नाहीं तें अखेर चोरबाजारांत, मटण स्ट्रीटवर, जुन्या ग्रामोफोनांच्या शेजारीं जाऊन बसे. पुढें १९८० नंतर विजेवर चालणारीं स्वरयंत्रें आलीं. एक माणूस चावीफलकावर बोटें ठेवून दहा जणांचें काम करूं लागला, आणि वृंदांतील कितीतरी वादक घरीं बसले. त्यांच्या गिटारी कपाटामागें गेल्या.

अशीच एक टेमघरास गेली. टेमघर म्हटल्यावर पुण्याकडील मंडळींना मुळशी तालुक्यांतील धरण आठवेल. आमचें टेमघर तें नव्हे. हें कल्याण-भिवंडी रस्त्यावरचें, आतां शहराच्या कुशींत शिरलेलें गांव. उल्हास नदीचें पाणी शहाडास उचलून येथें शुद्ध करतात आणि तें ठाणें, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जातें, एवढीच त्याची ख्याति. तीहि जे पाणी पितात त्यांच्यापर्यंत पोंचलेली नाहीं.

येथील एका घरचे वडील तरुणपणीं लग्नाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवीत. ते आतां नाहींत. मुलगी पुढील शिक्षणासाठीं जावयाची आहे, शुल्क भरण्यास रक्कम कमी पडते, तेव्हां गिटार विकावी असें घरांत ठरलें. आणि "मास्तर, जाहिरात तुम्हीच लिहून द्या" म्हणून ती माझ्यापुढें आणून ठेवण्यांत आली. ज्यानें जन्मभर मुलांकडून निबंध लिहवून घेतले त्याला चार ओळींची जाहिरात जड जाऊं नये. परंतु "उत्तम स्थितींतील" एवढें लिहून लेखणी थांबली. स्वरछिद्राच्या खालच्या अंगास तबलीवरचें रोगण नखांनीं खरवडून गेलें होतें आणि कच्चें लांकूड दिसत होतें. पहिल्या तीन पडद्यांवर तारांनीं चर पाडले होते. घोडीच्या मागें तबली किंचित् फुगली होती. आंतली कारखान्याची चिठ्ठी इतकी जीर्ण झाली होती कीं नांव लागत नव्हतें. दोन तारा तुटलेल्या. मुलीचे मामा म्हणाले, "नवें पॉलिश मारून घेऊं, पडदे घासून घेऊं, मग दाखवूं. दुप्पट येतील."

मामांचा हा सल्ला गैर कां, तें सांगण्यासाठीं मला मिरजेस जावें लागेल. गिटारीच्या गोष्टींत मिरज कोठून आली, असें श्रोत्यांना वाटेल. पण जुन्या तंतुवाद्याची पारख आपल्या प्रांतांत शिकावयाची तर ती तेथेंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेच्या शिकलगारांनीं, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनीं, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें सतारी व तंबोरे करण्यास आरंभ केला. इंग्रजी अमलांत तलवारींचें काम उरलें नव्हतें; हातांतली कला तशीच होती. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य. त्यांच्या वंशजांनीं सतारमेकर हेंच आडनांव घेतलें, आणि त्यांची वस्ती ती सतारमेकर गल्ली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे, तूण वृक्षाचें लांकूड, आणि पिढ्यांचा कान, एवढ्यावर हा धंदा उभा आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब, जे १९३७ सालीं वारले, ते मिरजेस राहत. तंबोरा जुळविण्याची आणि वाद्य दुरुस्त करण्याची त्यांची जाण गाण्याइतकीच नांवाजलेली होती.

या गल्लींत जुना तंबोरा आला कीं कारागीर त्याच्या रंगाकडे पाहत नाहीं. तो घोडी पाहतो. तार वर्षानुवर्षें त्याच जागीं घांसून घोडीवर बारीक चर पडतो. त्यामुळें जवारी, म्हणजे स्वराचा तो भिंगोऱ्यासारखा गुंजारव, मरते. मग कानस आणि कान यांच्या साह्यानें घोडीचा पृष्ठभाग पुन्हां घडवितात. अशी जवारी एका तंबोऱ्याच्या आयुष्यांत कितीदां तरी निघते. म्हणजे झीज दोन प्रकारची असते. एक कामाची, ती जाणता हात दुरुस्त करतो, आणि वाद्य वाजत होतें याचा ती पुरावा असते. दुसरी उपेक्षेची: वाळवी, चीर, उघडलेला सांधा. पहिली लपविण्यासाठीं रंगरोगण केलें कीं त्याखालीं दुसरी आहे कीं नाहीं हें गिऱ्हाइकास कळेनासें होतें, आणि शहाणा गिऱ्हाईक ती आहेच असें धरून चालतो. शिवाय जाड रोगणानें पातळ तबलीचें कंपन दबतें. मामांनीं सुचविलेल्या पॉलिशनें किंमत दुप्पट होण्याऐवजीं अर्धी होण्याचा संभव अधिक.

जुनें झालें म्हणजे वाद्य गोड होतें, हा आपला लाडका समज. तो सरसकट खरा मानूं नये असें मला वाटतें. २०१० सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं एकवीस व्हायोलिनवादकांपुढें सहा व्हायोलिनें ठेवलीं. तीन नवीं, तीन जुनीं, त्यांत दोन स्ट्राडिव्हारीचीं आणि एक ग्वार्नेरीचें. वादकांच्या डोळ्यांवर कांहीं दिसूं नये असे चष्मे होते आणि खोलींत उजेड मंद होता. बहुतेकांना नवें कोणतें व जुनें कोणतें हें ओळखतां आलें नाहीं, आणि सर्वांत अधिक पसंती एका नव्याच वाद्याला मिळाली. १९३७ किंवा १८३७ नव्हे, १७३७ सालीं वारलेल्या स्ट्राडिव्हारीचें हें झालें. मग आपल्या कपाटामागच्या गिटारीचें काय? २०११ सालीं त्याच कारागिराचें 'लेडी ब्लंट' नांवाचें व्हायोलिन अठ्ठ्याण्णव लाख पौंडांस गेलें. त्याची थोरवी ही कीं तें फारसें वाजविलें न गेल्यामुळें जवळजवळ नव्यासारखें राहिलें होतें. लेननची गिटार वापरलेली म्हणून महाग, हें व्हायोलिन न वापरलेलें म्हणून महाग. बाजाराच्या तोंडांत दोन जिभा आहेत. त्याच्यावर विसंबून आपल्या वाद्याची किंमत करूं नये.

मग विसंबावें कशावर? वाद्य आज काय काम देतें त्यावर. बारा तारांच्या गिटारीपुरतें हें काम विशेष अवघड आहे. सहा पोलादी तारांचा ताण सामान्यतः सत्तर-पंचाहत्तर किलो असतो. बारा तारांचा शंभर किलोच्या वर जातो. एक भरलेलें पोतें आणि वर एक मूल, असा भार पातळ तबलीवर आणि सरसानें चिकटविलेल्या घोडीवर अहोरात्र टांगलेला. म्हणून पुष्कळ जाणते वादक ही गिटार एक स्वर खालींच लावतात. तसें न केल्यास दांडी हळूहळू पुढें वांकते, तारा पडद्यांपासून उंच होतात, आणि बोटांना वाजविणें नकोसें होतें. त्यांतून कोंकणची हवा. आषाढांत भिंतींना ओल येते तेव्हां लांकूडहि पाणी पितें व फुगतें. वैशाखांत तें सुकतें आणि चीर जाते. ही गिटार टेमघरास अनेक पावसाळे काढून चीर न जातां उभी आहे, आणि दांडीवर डोळा लावून पाहिलें असतां ती सरळ दिसते. याचा अर्थ धनी वाजवून झाल्यावर तारा सैल करीत असला पाहिजे. घरांत विचारलें तर मुलगी म्हणाली, "हो, बाबा रोज रात्रीं उतरवून ठेवीत. आम्ही हंसायचों." जाहिरातींत लिहिण्यासारखें जर कांहीं असेल तर तें हें.

या लांकडाचीहि एक कथा आहे. चांगल्या गिटारीची पाठ आणि कुशी शिसवी लांकडाच्या करतात. पूर्वी त्यासाठीं ब्राझीलचें शिसव वापरीत. तें दुर्मिळ झाल्यावर मार्टिन या अमेरिकेंतील जुन्या कारखान्यानें १९६९ च्या सुमारास भारतीय शिसव घेतलें. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या आणि त्याच्या दक्षिणेकडील रांगांचें लांकूड जहाजांतून अमेरिकेंत जाई आणि गिटार होऊन जगभर पसरे. वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारान्वयें २ जानेवारी २०१७ पासून सर्व जातींच्या शिसवावर निर्बंध आले. जुनी गिटार परदेशीं पाठवावयाची तर कागदपत्रांचा डोंगर उभा राही. तयार वाद्यांना त्यांतून २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला ती नाहीं, त्यावर १९९२ पासूनच कडक बंधन आहे. जुन्या सतारी-तंबोऱ्यांच्या घोड्या आणि नक्षी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. अशा वस्तु विकणाऱ्यानें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आधीं पाहावा, आणि वाद्य शंभर वर्षांहून जुनें असल्यास त्याच वर्षींचा पुरावस्तूंचा कायदाहि. तसें वाद्य खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. टेमघरच्या गिटारीला यांतलें कांहींच लागू नव्हतें. तिची पाठ साधी, रंगविलेली. गरिबीचा हा एक फायदा.

अखेर जाहिरात लिहिली ती अशी: "बारा तारांची जुनी गिटार विकणें आहे. एकाच वादकानें वापरलेली. दोन तारा नाहींत. पहिले तीन पडदे झिजलेले. घोडीमागें तबली अल्प फुगलेली. पॉलिश मूळचें, खरवडलेलें. दांडी सरळ, चीर नाहीं. कारखान्याचें नांव वाचतां येत नाहीं. येऊन वाजवून पाहावी. टेमघर, भिवंडी." मामांनीं ती वाचून हात जोडले. "मास्तर, ही जाहिरात आहे कीं कबुलीजबाब? गिऱ्हाईक वाटेंतून परत जाईल." मी म्हटलें, जो वाजविणारा आहे तो पडद्यावरून आंगठा फिरवून हें सर्व दोन मिनिटांत ओळखणारच आहे, त्यानें ओळखण्यापूर्वीं आपण सांगितलें तर उरलेल्या गोष्टींवर तो विश्वास ठेवील. भिवंडीच्या माणसाला हें निराळें सांगावें लागूं नये. येथील मागांचा धंदा जुन्या यंत्रांवरच उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांनीं टाकून दिलेले माग आणून येथील विणकरांनीं ते चालविले; १९८२ च्या गिरणीसंपानंतर तर गिरण्यांचें काम या गांवांत लोटलें. जुना माग घेणारा त्याचा रंग पाहत नाहीं. तो चालवून पाहतो, आणि चालत नसेल तर किलोवर तोलून भंगाराचा भाव सांगतो.

गिऱ्हाइकें दोन आलीं. पहिले गृहस्थ महामार्गावर एक नवें उपाहारगृह काढीत आहेत. त्यांना भिंतीवर टांगण्यासाठीं जुन्या वस्तु हव्यात. त्यांनीं गिटार हातांतहि घेतली नाहीं. "खरवडलेली आहे हें फारच छान," म्हणाले, आणि सांगितलेल्या रकमेच्या दीडपट देऊं केले. दुसरी कल्याणची एक विद्यार्थिनी. तिनें दहाच तारा मिळविल्या, अर्धा तास वाजविलें, तबलीवर कान ठेवून ऐकलें, झिजलेल्या पडद्यांचा खर्च विचारांत घेऊन थोडी कमी रक्कम सांगितली, आणि तीहि दोन हप्त्यांनीं देतां येईल का, असें संकोचानें विचारलें.

भिंतीवर टांगलेल्या वाद्याविषयीं माझें मन कलुषित आहे हें मी लपवीत नाहीं. पुण्यास दिनकर केळकर यांनीं घराघरांतून, जुन्या बाजारांतून एकेक वस्तु मिळवून जो संग्रह केला आणि १९७५ सालीं शासनाच्या स्वाधीन केला, त्यांतील वाद्यें पाहतांना मला आदर वाटतो. तीं वाद्यें तेथें नसतीं तर कोठेंच नसतीं, आणि ज्यानें तीं मिळविलीं त्याला त्यांचीं नांवें, गांवें, घडण ठाऊक होती. उपाहारगृहाच्या भिंतीवर तें नाहीं. तेथें फोडणीची वाफ आणि शीतयंत्राचा वारा यांच्यामध्यें ताणलेल्या तारा घेऊन ही गिटार चार पावसाळे काढील कीं नाहीं याची मला शंका आहे. आणि तारा काढून टाकल्या तर मग ती गिटार कसली?

हें सर्व मी त्या घरीं बोललों. मुलीची आई शांतपणें ऐकत होती. ती म्हणाली, "तुमचें पटतें, पण शुल्काची तारीख पंधरा दिवसांवर आहे, आणि दीडपट म्हणजे थोडे थोडके नाहींत." यावर मला उत्तर नव्हतें, आणि ज्याला शुल्क भरावयाचें नाहीं त्यानें तें देऊंहि नये. मुलगी मध्येंच म्हणाली कीं ती कल्याणची ताई वाजवीत असतां बाबांचें एक जुनें गाणें तिला आठवलें. तेवढ्यावर बोलणें थांबलें.

गिटार अजून त्यांच्याच घरीं आहे. विद्यार्थिनीनें आठ दिवसांची मुदत मागितली आहे, उपाहारगृहवाल्यांनीं चार दिवसांची दिली आहे. मृग तोंडावर आला आहे. तोंवर तारा दोन स्वर उतरवून, दक्षिणेच्या भिंतीपासून हातभर दूर, सुती कापडांत गुंडाळून ठेवा एवढें मी सांगून आलों. मुलीनें तें त्याच रात्रीं केलें.